पिंपरी-चाकण पट्ट्यातील दुचाकीस्वारांची पादत्राणे : एक आढावा

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात मोटरसायकल तयार होते आणि ती तयार करणारा कामगार बहुधा मोटरसायकलवरूनच पाळीला येतो. परंतु त्याच्या पायात जे असते ते मोटरसायकलसाठी घडवलेले नसते. ते असतात कारखान्याने दिलेले, किंवा कंत्राटी कामगाराने पदरचे पैसे घालून घेतलेले सेफ्टी शूज. या जोड्यांशिवाय शॉपफ्लोअरवर प्रवेश मिळत नाही आणि गेटवर ते ठेवण्या-बदलण्याची सोय सगळीकडे नसते, म्हणून घरून निघतानाच ते चढवले जातात आणि परतीच्या वाटेवरही पायातच राहतात. मोटरसायकलसाठी टिकाऊ आणि नीट बसणारा बूट कसा निवडावा, या प्रश्नाचा विचार त्यामुळे या पट्ट्यात दुकानातल्या फळीपासून सुरू करता येत नाही. यंत्राशेजारी उभे राहण्यासाठी बनलेला जोडा रस्त्यावर कितपत साथ देतो आणि कुठे कमी पडतो, हे आधी पाहावे लागते.

हा प्रश्न या भूमीत फार जुना नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली, पिंपरी-चिंचवडला १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका मिळाली, आणि या संपूर्ण काळात येथील रस्त्यावर राज्य होते ते आकुर्डीत तयार होणाऱ्या स्कूटरचे. १९७२ मध्ये आलेल्या चेतकचा गिअर डाव्या हाताने बदलायचा होता, पायाकडे केवळ मागच्या चाकाचा ब्रेक होता आणि दोन्ही पावले पुढच्या पत्र्याच्या आड पाटावर टेकलेली असत. त्यामुळे चपलेवर स्कूटर चालवणे कोणाला वावगे वाटले नाही. बजाज ऑटोचा चाकण येथील कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला, २००१ मध्ये पल्सर आली, पुढे केटीएमच्या गाड्याही चाकणहून बाहेर पडू लागल्या, आणि स्कूटरवर वाढलेले शहर काही वर्षांत मोटरसायकलवर बसले. या बदलात पावलाचे स्थान पालटले: ते पत्र्याच्या आडोशातून निघून इंजिनाच्या बाजूला, उघड्यावर आले आणि दिवसातून शेकडो वेळा गिअर उचलू-दाबू लागले. पादत्राणाची सवय मात्र स्कूटरच्या काळातलीच राहिली. कायद्यानेही ती बदलायला लावली नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ शिरस्त्राणाची सक्ती करते, पायांविषयी काही सांगत नाही. चप्पल घालून गाडी चालवल्यास दंड होतो अशी अफवा २०१९ मध्ये पसरली, तेव्हा तशी तरतूद नसल्याचा खुलासा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांच्या कार्यालयानेच केला होता.

केंद्र शासनाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. बूट या मृत्यूंना रोखत नाही. ते काम हेल्मेटचे आहे. बुटाचा संबंध जिवंत राहिलेल्यांशी, म्हणजे घोटा मोडल्याने तीन-चार महिने घरी बसलेल्या आणि हजेरीवर पगार असल्याने त्या महिन्यांचे उत्पन्न गमावलेल्या माणसाशी आहे. गाडी आडवी पडते तेव्हा साधारणपणे सव्वाशे ते दीडशे किलोचे वजन एका बाजूने खाली येते आणि त्या बाजूचे पाऊल गाडी व रस्ता यांच्यामध्ये सापडते. तेथे तीन निरनिराळ्या गोष्टी घडतात. पाऊल रुंदीच्या दिशेने चेपले जाते, घोटा आत किंवा बाहेर मुरगळतो, आणि गाडी घसरत राहिली तर घोट्याचे बाहेर आलेले हाड डांबरावर घासले जाते. ताशी ५० किलोमीटर वेगाने घसरणारे शरीर, घर्षणाचा गुणक ०.६ धरल्यास, सुमारे १६ मीटर जाऊन थांबते आणि त्याला सव्वादोन सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. कापडी जोड्याचा वरचा भाग किंवा उघडी त्वचा एवढ्या वेळात टिकत नाही.

पादत्राणाचा खरोखर उपयोग होतो का, यावर झालेल्या अभ्यासांपैकी दोन येथे महत्त्वाचे आहेत. अमेरिकेत हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली आणि १९८१ च्या अहवालात जाड बूट, जाकीट व हातमोजे यांमुळे खरचटण्याच्या आणि फाटण्याच्या जखमा कमी होतात, असे नोंदवले. ऑस्ट्रेलियातील लिझ डी रोम यांच्या गटाचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास २१२ अपघातग्रस्त चालकांवर आधारलेला होता. पाऊल आणि घोटा यांच्या इजेचा धोका संरक्षक कवच बसवलेल्या पोशाखाने ०.५४ पटीवर आला, हे अपेक्षितच होते. पण मोटरसायकलसाठी खास न बनवलेल्या साध्या बुटांनीही तो साध्या जोड्यांच्या वा खेळाच्या बुटांच्या तुलनेत ०.४६ पटीवर आणलेला दिसला. दोन्ही आकडे एकाच तुलनेतून आलेले नसल्याने साधा बूट खास बुटाहून सरस ठरतो, असा अर्थ त्यांतून काढता येत नाही. तरीही घोटा झाकणारे, जाड, साधे पादत्राण हेही काही कमी संरक्षण नाही, हा निष्कर्ष ठाम आहे आणि ज्याला महागडा बूट परवडत नाही त्या कामगारासाठी तोच सर्वांत मोलाचा आहे.

आता कारखान्याच्या जोड्याकडे वळता येते. भारतात सेफ्टी शूजसाठी आयएस १५२९८ हे मानक लागू आहे. त्याचा दुसरा भाग ज्याला सेफ्टी फुटवेअर म्हणतो त्याच्या पुढच्या टोपीने, म्हणजे बोटांवरच्या पोलादी वा कंपोझिट कवचाने, २०० ज्यूलचा आघात सोसला पाहिजे. हा आघात म्हणजे स्थूलमानाने २० किलोचे वजन एक मीटर उंचीवरून पडणे. त्याच टोपीने १५ किलोन्यूटनचा, म्हणजे सुमारे दीड टनाचा, दाबही पेलला पाहिजे. तिसऱ्या भागातील जोड्यांना हीच कसोटी निम्म्या आघाताची असते आणि चौथ्या भागातील जोड्यांना टोपीच नसते, त्यामुळे नुसता आयएसआय शिक्का पाहून भागत नाही, भागाचा क्रमांकही वाचावा लागतो. प्रेसशॉपमध्ये हातातून निसटलेली डाय किंवा फोर्कलिफ्टवरून घसरलेला कास्टिंगचा तुकडा वरून, बोटांवर पडतो. या मानकाची सारी रचना त्या धोक्याभोवती झाली आहे आणि त्या धोक्यापुरती ती उत्तम आहे.

मोटरसायकलचे संकट बाजूने येते. युरोपात मोटरसायकल चालकांच्या पादत्राणांसाठी ईएन १३६३४ हे वेगळे मानक आहे आणि त्याच्या चार कसोट्या वाचल्या की दोन जोड्यांतला भेद आपोआप उलगडतो. पहिली कसोटी वरच्या भागाच्या उंचीची आहे. दुसरी घासण्याची: खरखरीत पट्ट्यावर बुटाच्या आवरणाचा तुकडा टेकवतात आणि त्याला भोक पडायला किती वेळ लागतो ते मोजतात, कमी धोक्याच्या भागासाठी पहिल्या पातळीला १.५ सेकंद आणि दुसऱ्या पातळीला २.५ सेकंद, तर जास्त धोक्याच्या भागासाठी अनुक्रमे ५ आणि १२ सेकंद टिकावे लागते. हे यंत्रावरचे सेकंद आहेत, रस्त्यावर घसरण्याचे नव्हेत. बुटाबुटांची तुलना करण्यापुरताच त्यांचा उपयोग. तिसरी कसोटी आघाताने चिरण्याची. चौथी सर्वांत अर्थपूर्ण आहे, ती आडव्या ताठपणाची: बुटाचा तळ दोन सपाट पट्ट्यांमध्ये रुंदीच्या दिशेने धरून दाबतात आणि तो ठरावीक अंतर दबण्यास किती बल लागले ते पाहतात, पहिल्या पातळीला ते एक किलोन्यूटन, म्हणजे सुमारे शंभर किलोच्या वजनाएवढे, आणि दुसऱ्या पातळीला त्याच्या दीडपट लागते. गाडीखाली सापडलेल्या पावलाची हाडे वाचणार की नाही हे यावर ठरते. बुटाच्या आतील शिक्क्यावर मोटरसायकलस्वाराच्या चित्राखाली या चार कसोट्यांचे चार अंक ओळीने छापलेले असतात आणि प्रत्येक अंक एक किंवा दोन असतो. चारही दोन असणे सर्वोत्तम, पण निवड करायची वेळ आली तर शेवटच्या अंकावर तडजोड करू नये.

सेफ्टी शूजच्या मानकात आडव्या ताठपणाची कसोटी नाही. खिळा तळातून वर येऊ नये म्हणून काही प्रकारांत बसवलेली पोलादी पट्टी त्या कामी थोडी उपयोगी पडत असेल, परंतु ती त्यासाठी मोजली जात नाही. टोपीही बोटांच्या मुळाशीच संपते. या पट्ट्यात सर्वाधिक दिसणारा सेफ्टी शूज घोट्याच्या खाली संपणारा असतो, म्हणजे जेथे मोटरसायकलचा धोका सुरू होतो नेमके तेथेच त्याचे संरक्षण थांबते.

मापाचा प्रश्न याहून किचकट आहे, कारण तेथे मानकापेक्षा पाऊल मोठे ठरते. भारतात चालणारे आकडे ब्रिटिश पद्धतीचे आहेत. त्यांत एका आकड्याची वाढ म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर. युरोपीय आकड्याची वाढ मात्र पावणेसात मिलिमीटरांच्या आत असते, त्यामुळे एका पद्धतीचा आकडा दुसऱ्यात बिनचूक बसत नाही. त्याहून मोठा घोटाळा रुंदीचा. बूट ज्या साच्यावर चढवून शिवतात त्याला कलबूत म्हणतात आणि बुटाचा खरा आकार हे कलबूतच ठरवते. अल्पाइनस्टार्ससारखी इटालियन कंपनी १९६३ मध्ये असोलो या डोंगरी गावात सुरू झाली, आणि तेथली कलबुते तिकडच्या पावलांवरून उतरलेली आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांची पावले त्रिमितीय यंत्राने मोजली, तेव्हा भारतीय पाऊल तुलनेने रुंद असल्याचे दिसले आणि त्यातून भारतीयांसाठी ‘भा’ या नावाची स्वतंत्र मापपद्धती पुढे आली. रुंद चवड्याचा माणूस अरुंद बुटात पाय मावावा म्हणून एक आकडा वरचा घेतो; चवडा मावतो, पण लांबी जास्त होते, टाच आत उचलली जाते आणि बूट जेथे मुडपायला हवा तेथे न मुडपता बोटांवर मुडपतो. चालताना हे निभावून जाते, गिअर उचलताना निभावत नाही. म्हणून लांबी वाढवण्याऐवजी दुसऱ्या कलबुतावरचा बूट शोधणे हाच खरा उपाय आहे.

पाऊल दिवसभरात सुजते, आणि आठ तास उभ्याने काम करणाऱ्याचे अधिकच. माप त्यामुळे पाळी सुटल्यानंतर, रोजचे जाड मोजे घालून, उभे राहून आणि दोन्ही पायांचे घ्यावे. बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो आणि बूट त्याच्या मापाचा घ्यायचा असतो. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे दहा-बारा मिलिमीटर जागा राहावी, आणि टाच चवड्यावर उभे राहूनही सुटू नये. पण मोटरसायकलच्या बुटाची खरी परीक्षा दुकानाच्या गालिच्यावर होत नाही, ती गाडीवर बसून होते. गुडघा वाकलेला असताना घोट्यापुढची घडी पायात रुतते का, उभ्या गाडीवर दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकतात का, उजव्या पायाला ब्रेकचा दाब तळातून जाणवतो का, हे तेथेच कळते.

डाव्या पायाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. प्रवासी वळणाच्या बऱ्याच गाड्यांना दोन टोकांचा गिअर असतो. पुढचे टोक चवड्याने आणि मागचे टाचेने दाबता येते, त्यामुळे बुटाचा माथा फारसा घासत नाही. स्पोर्ट्स वळणाच्या गाड्यांत मात्र गिअर केवळ चवड्याने वर उचलावा लागतो आणि तेथे पोलादी टोपीचा जोडा अडतो. टोपीच्या जाडीने चवडा लिव्हरखाली सहज शिरत नाही, जोर लावला की टोपीची आतली कड बोटांच्या सांध्यांवर रुतते, आणि काही महिन्यांत अंगठ्याच्या मागे चामड्यावर बोटभर लांबीचा काळा, गुळगुळीत पट्टा उमटतो. प्रथम रंग जातो, मग चामड्याचा वरचा पापुद्रा, आणि शेवटी तेथून जाणारी शिवण उसवते. जुन्या जोड्याचा हा डावा माथा पाहून पुढच्या जोड्यात काय हवे ते कळते: तेथे चामड्याचा किंवा रबराचा जादा थर असावा आणि त्या पट्ट्यातून शिवण जाऊ नये. बहुतेक गाड्यांत गिअरचा लिव्हर दातेरी दांड्यावर बसवलेला असतो; त्याचा बोल्ट सैल करून तो एक दाता वर सरकवला तर जाड टोपीच्या जोड्यालाही जागा होते. हे काम कोणताही मेकॅनिक पाच मिनिटांत करतो, तरी क्वचितच कोणी करून घेतो.

टिकाऊपणाचा विचार तळापासून करावा. स्वस्त सेफ्टी शूजचा तळ बहुधा पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा असतो. तो हलका आणि मऊ असल्याने दिवसभर उभे राहायला सुखाचा असतो, परंतु हवेतील ओलाव्याने त्याची रासायनिक साखळी हळूहळू तुटते. जोडा वापरला नाही तरी ही तूट थांबत नाही. कपाटात दोन-चार पावसाळे जपून ठेवलेला कोरा जोडा पहिल्याच दिवशी टाचेकडून भुसभुशीत होऊन तुकड्यांनी गळू लागतो तो याचमुळे. यावरचा उपाय साधा आहे: जोड्यावर छापलेला निर्मितीचा काळ वाचावा, जुना माल सवलतीत मिळाला तरी घेऊ नये, आणि तळाच्या कडेला अंगठ्याचे नख दाबून तेथे भेग पडत नाही ना ते पाहावे. नायट्राइल रबराचा तळ जड आणि महाग असतो, पण तो ओलाव्याला दाद देत नाही आणि तापलेल्या सायलेन्सरला टेकला तरी वितळत नाही. उष्णता सोसणाऱ्या तळावर एचआरओ ही खूण असते.

भोसरीच्या मशीनशॉपमध्ये काम करणाऱ्याच्या तळाला दुसरा शत्रू आहे. लेथभोवती सांडलेले कूलंट आणि तेल तळाच्या खाचांत बसते, त्यात धातूची बारीक बर रुतते, आणि पाळी सुटल्यावर तोच तळ फूटरेस्टवर व ब्रेकवर येतो. जोड्यावर एफओ अशी खूण असेल तर त्याचा तळ इंधन-तेलाने खराब होणार नाही एवढेच ती सांगते. तेलकट तळ घसरणार नाही असे ती सांगत नाही, आणि हा फरक फार थोड्यांच्या लक्षात येतो. गेटबाहेर पडण्यापूर्वी तळ चिंधीने पुसणे आणि खाचांतली बर खिळ्याने काढणे याला एक मिनिट लागते. तेलकट तळ ओल्या ब्रेकइतकाच धोक्याचा मानायला हवा.

तळ वरच्या भागाला कसा जोडला आहे यावर दुरुस्ती अवलंबून असते. साच्यात ओतून चिकटवलेला पीयूचा तळ एकदा सुटला की रस्त्याकडेचा चर्मकार तो चिकटवून वा टाके घालून काही आठवडे चालवून देतो, त्यापुढे नाही. वेल्ट पद्धतीत वरचे चामडे प्रथम एका पट्टीला शिवतात आणि तळ त्या पट्टीला शिवतात, म्हणून झिजलेला तळ उसवून नवा बसवता येतो आणि वरचा भाग दोन तळांचे आयुष्य जगतो. चामडे घेताना त्याचा वरचा, मूळ त्वचेचा थर शाबूत आहे का ते पाहावे. खालच्या थरावर रंगाचा वा प्लास्टिकचा लेप देऊन ते तसेच दिसेल असे करतात, पण वाकवले की लेपाला सरळ रेषेत बारीक तडे जातात, मूळ चामड्याला सुरकुत्या पडतात.

नाडीविषयी थोडेच सांगायचे आहे. डाव्या जोड्याच्या नाडीचा मोकळा फास फूटरेस्टमध्ये किंवा गिअरमध्ये अडकला की तळेगाव चौकासारख्या गर्दीत गाडी थांबताना पाय खाली येत नाही आणि गाडी आडवी होते. नाडीचे फास जिभेखाली खोवावेत, किंवा आतल्या बाजूला चेन आणि वर झाकण असलेला बूट घ्यावा.

पावसाळ्यात या पट्ट्यात गमबूट निघतात. ते पाणी अडवतात, पण घोट्याभोवती सैल असल्याने मुरगळण्याला रोखत नाहीत आणि पडताना पायातून निसटतात, म्हणून मोटरसायकलवर त्यांचा भरवसा धरू नये. पाणी आत येऊ न देणारा आणि घामाची वाफ बाहेर सोडणारा पडदा असलेले बूट चांगले, परंतु एप्रिल-मेच्या उन्हात ते कोंदट होतात आणि एकदा वरून पाणी आत शिरले की वाळायला दोन दिवस घेतात. रोज पाळी असलेल्याला दोन दिवस नसतात. त्याच्यासाठी साधा चामड्याचा उंच जोडा आणि वरून रबरी आवरण ही जोडी अधिक व्यवहार्य ठरते. भिजलेला जोडा रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, ते एकदा बदलून, पंख्याखाली वाळवावा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवलेले चामडे आखडते आणि तडकते.

गिअर नसलेल्या स्कूटरवर कामाला जाणाऱ्या स्त्रियांची संख्या या पट्ट्यात मोठी आहे. त्यांना गिअरचा त्रास नसला तरी गाडी थांबताना टेकणारा आणि पडताना सापडणारा पाय तोच आहे. पुरुषांच्या कलबुतावरचा लहान आकड्याचा सेफ्टी शूज त्यांच्या टाचेला ढिला होतो. स्त्रियांच्या कलबुतावरचे जोडे बाजारात आहेत, ते मागून घ्यावे लागतात.

किंमत हा अडथळा खरा आहे. सेफ्टी शूज एक-दोन हजारांत येतात, देशी मोटरसायकल बूट त्याच्या कित्येक पट पडतात आणि परदेशी बूट अनेकांच्या महिन्याच्या पगाराएवढे. रविवारी माळशेज घाटात वा भीमाशंकरला जाणाऱ्याने, आणि महामार्गावर रोज वेगाने ये-जा करणाऱ्याने, चार अंकांचा युरोपीय शिक्का असलेला बूट घेणे योग्यच आहे. परंतु मोशीहून चाकणला किंवा चिखलीहून भोसरीला रोज जाणाऱ्या हजारोंसाठी ती निवड आज उपलब्ध नाही, आणि त्यांना तीच शिफारस करत राहणे म्हणजे त्यांचा प्रश्न बाजूला सारणे होय. त्यांच्यासमोरची खरी निवड घोट्याखालचा सेफ्टी शूज आणि घोट्यावरचा सेफ्टी शूज यांतली आहे, आणि ऑस्ट्रेलियातील अभ्यास पाहता तिच्यातला फरक क्षुल्लक नाही.

ही निवड बहुतेक वेळा कामगाराच्या हाती नसते. ती कारखान्याच्या खरेदी विभागात होते. आयएस १५२९८ मध्येच पादत्राणाच्या उंचीप्रमाणे आकार ठरवून दिले आहेत: ‘ए’ म्हणजे घोट्याखालचा जोडा, ‘बी’ म्हणजे घोटा झाकणारा, आणि त्यापुढे पोटरीपर्यंत व गुडघ्यापर्यंत जाणारे. टोपीची २०० ज्यूलची कसोटी सर्वांना सारखीच असल्याने ‘बी’ घेतल्याने कारखान्याच्या आतले संरक्षण तसूभरही घटत नाही. याच मानकात घोट्यावरील आघात शोषणाऱ्या अस्तरासाठी एएन ही ऐच्छिक खूणही आहे. सुरक्षा समितीच्या बैठकीत कामगार प्रतिनिधींनी मागायचे ते एवढेच: पुढच्या मागणीपत्रावर ‘ए’ऐवजी ‘बी’ लिहावे, शक्य तेथे एएन जोडावे, आणि एकाच पुरवठादाराची दोन निरनिराळ्या रुंदीची कलबुते गेटवर आणून पाळी सुटताना पायात घालून पाहू द्यावीत.